बंड्याची हजामत : मशीन निवडीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

प्रकल्प असा : बंड्याचे केस यापुढे घरी कापायचे आणि त्यासाठी नीट मशीन घ्यायचं. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, ल्हासा आप्सो जातीचा, वय चार. या जातीचे केस वाढतच राहतात, लॅब्रेडॉरसारखे ठरावीक लांबीला थांबून झडत नाहीत. थोडे दिवस कंगवा फिरला नाही की कानामागे, काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला जट धरते.

आत्तापर्यंत पार्लर होतं. काम बरं करायचे, पण कर्वेनगरहून न्यायचं, तिथे अर्धा दिवस ठेवायचं, आणि घरी आल्यावर हा दिवाणाखालून बाहेर यायला तयार नसतो. बजेटचा हिशोब सरळ आहे. पार्लरला वर्षाला जेवढे जातात तेवढ्यात मशीन, ब्लेड, तेल सगळं बसलं पाहिजे. बायकोची एकच अट : "आवाज मिक्सरपेक्षा कमी हवा, नाहीतर आईंची दुपारची झोप गेलीच."

१८ जानेवारी

साडूंकडे दाढीचं ट्रिमर पडून होतं, ते चाचणीपुरतं आणलं. पाठीवरच्या विंचरलेल्या केसांत घातलं तर बोटभर पुढे गेलं आणि आवाज बसला. मग केस कापायचे सोडून ओढायला लागलं. बंड्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यावर चाचणी थांबवली.

कारण उघड आहे. कुत्र्याच्या एकेका छिद्रातून केसांचा झुबकाच्या झुबका येतो. माणसाच्या दाढीसाठी केलेल्या बारीक दातांत एवढी दाटी शिरत नाही, आणि शिरली तर छोट्या मोटरला ती झेपत नाही. पंज्याच्या गाद्यांमधले केस काढायला मात्र हेच ट्रिमर चांगलं. साडूंना परत द्यायची घाई नाही.

१९ जानेवारी

आज दाढी करायला गेलो तेव्हा आमच्या केशकर्तनालयातलं मशीन हातात घेऊन पाहिलं. ते चुंबकावर चालतं, मोटर नसतेच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं; चुंबक दर आवर्तनात दोनदा ओढतो, म्हणजे पातं मिनिटाला ६,००० वेळा जाऊन येतं. ना कमी, ना जास्त. वेग भरपूर, पण रेटा कमी आणि पात्याची हालचाल आखूड. माणसाच्या मानेवर झकास चालतं, दाट अंगावर दमतं.

कुत्र्यांच्या चांगल्या मशीनमध्ये फिरती मोटर असते. तिच्या टोकाला एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवलेली खुंटी, त्यावर लिव्हर, आणि लिव्हर पात्याला डावी-उजवीकडे हलवतो. वेग कमी, मिनिटाला साधारण अडीच ते साडेचार हजार, पण दाट केसांत शिरलं तरी दम धरतं. खोक्यावरच्या आकड्यांवर फार जाऊ नये. काही कंपन्या जाणं आणि येणं वेगवेगळं मोजून आकडा दुप्पट छापतात.

न्यू जर्सीच्या मेहुण्याला फोन केला तर तो लगेच म्हणाला, "भावजी, इथून घेऊन येतो, इथे स्वस्त आहे." पुण्यातल्या प्रत्येक घराचा असा एक मेहुणा असतो. त्याला समजावलं की तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येईल, हर्ट्झचं काय करणार? चुंबकाचं मशीन ६० ला लावलेलं असतं, ५० वर आणलं की सुस्तावतं आणि खडखडतं. चार्जिंगचं असेल आणि अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर हरकत नाही. पण वॉरंटी तिथली आणि मशीन इथे, हा व्यवहार मला पटत नाही. ब्लेड आण म्हटलं. ब्लेडला ना व्होल्ट ना हर्ट्झ.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस ब्लेडवर गेला, आणि माझ्या मते हा सगळा प्रकल्पच ब्लेडचा आहे. मशीन म्हणजे ब्लेड हलवणारी मूठ. लोक मूठ निवडतात आणि मग तिला बसेल ते ब्लेड शोधत हिंडतात. मी उलट जायचं ठरवलंय.

कुत्र्यांच्या मशीनमध्ये ए-५ नावाची जोडणी आहे. मूळची ऑस्टरची. ब्लेडच्या मागे बिजागरी, ती मशीनच्या जिभेवर अडकवायची, खटका दाबला की ब्लेड सुटतं. ही जोडणी इतकी रुळली की अँडिस आणि वॉल यांच्याही मोठ्या मशीनना तीच असते, आणि एकाचं ब्लेड दुसऱ्याच्या मशीनवर चालतं. ऑस्टर आणि अँडिस दोन्ही अमेरिकेतल्या रसीन या एकाच गावात उभ्या राहिलेल्या कंपन्या, वॉल शेजारच्या इलिनॉय राज्यातली. तिघांत पटो न पटो, गिऱ्हाइकाचं भलं झालं.

ब्लेडचे नंबर उलटे चालतात : नंबर मोठा तर केस आखूड. ४० नंबर पाव मिलिमीटर ठेवतो, ते शस्त्रक्रियेआधी कातडी साफ करायला डॉक्टर वापरतात. घरात त्याचं काही काम नाही. ३० नंबर अर्धा मिलिमीटर. १० नंबर दीड. ७ सव्वातीनच्या आसपास, ५ सव्वासहा, ४ साडेनऊ, आणि ३ जवळपास तेरा. नंबरपुढे एफ असेल तर दात सगळे सारखे, काप गुळगुळीत येतो. एफ नसेल तर एक दात लांब, एक आखूड. ते गुंत्यात सहज शिरतं, पण दोन लांब दातांमध्ये सैल कातडीही शिरते. नवख्या हाताने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय नंबराची लांबी उलट्या दिशेने मशीन फिरवल्यावरची. केसांच्या दिशेने फिरवलं की तेच ब्लेड थोडे लांब केस ठेवतं.

बंड्याला किती लांबी ठेवायची? उन्हाळा येतोय म्हणून १० नंबरने गोटा करायचा सल्ला तिघांनी दिला. पुण्याचं एप्रिलचं ऊन दीड मिलिमीटर केसांतून थेट कातडीवर पडेल. ४एफ ठरवलं. पोट आणि जांघेसाठी १०.

९ फेब्रुवारी

"फाइव्ह-इन-वन" ब्लेडबद्दल, कारण बिनवायरच्या मशीनमध्ये दुकानदार हेच पुढे करतात. एकच ब्लेड, बाजूला खटका, पाच लांब्या. ऐकायला छान. पण त्या पाच लांब्या ४० ते ९ नंबरमधल्या, म्हणजे पाव मिलिमीटरपासून जेमतेम दोनपर्यंत. ल्हासाच्या अंगाला यातली एकही नाही. लांबी हवी तर वरून प्लॅस्टिकचा कंगवा चढवायचा, आणि तो केस पूर्ण सुटे असतील तरच चालतो. एक गाठ आडवी आली की कंगवा अडतो, निसटतो, आणि खालचं उघडं ब्लेड त्या जागी चर खणून ठेवतं. पंजे, पोट, तोंडाच्या कडा यांना हे मशीन उत्तम. पूडलवाल्यांनी जरूर घ्यावं. मला अंगाचं काम जास्त आहे.

बॅटरी की वायर, यावर घरात चर्चा झाली. धाकटीचं मत बॅटरी, कारण वायर बंड्याच्या पायात येणार. मुद्दा बरोबर आहे. पण आमचं मशीन महिना-दीड महिना कपाटात पडून राहणार. लिथियम बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिचं आयुष्य घटतं, आणि दर पंधरा दिवसांनी आठवणीने चार्ज करणारा माणूस या घरात नाही. वायर ठरली. ती छताच्या हुकावरून खाली सोडायची, म्हणजे पायात येणार नाही.

१५ फेब्रुवारी

आधी तपकीर गल्लीत चक्कर मारली. मशीनसाठी नव्हे, लांब वायर आणि चांगला तीन पिनी प्लग यांसाठी. मग पाळीव प्राण्यांच्या सामानाची दुकानं. खिशात भिंग होतं. टूलरूममध्ये आयुष्य गेलंय, धारेचं काही घ्यायचं म्हटलं की भिंग बरोबर असतं.

पहिल्या दुकानातलं स्वस्त मशीन : ब्लेड काढून उजेडात धरलं. खालचं कंगव्याचं पातं आणि वरचं हलणारं पातं यांच्यामध्ये डाव्या कोपऱ्यात प्रकाशाची रेघ दिसत होती. दातांच्या टोकांना बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, तशीच, घासून काढलेली नाही. टोकावर नख फिरवलं तर नख खरवडलं गेलं. जे नखाला खरवडतं ते कातडीला काय करेल? दुकानदार म्हणाला, "काका, एवढं कोणी बघत नाही." खरं असेल.

दुसऱ्या दुकानात ए-५ जोडणीचं, वायरचं, दोन वेगांचं मशीन होतं. चालू करून मागितलं तर त्याने खुशीने दिलं. कानापाशी धरलं : आवाज एकसारखा, मध्येच खर्ज-पट्टी बदलत नाही. पंख्याची हवा मागून जाते, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर येत नाही. मग मूठ दहा मिनिटं हातात धरून उभा राहिलो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मनगटाला कळतं, पण मोठं कुत्रं नसल्याने निभेल. शेवटचा प्रश्न लिव्हरचा. ब्लेड हलवणारा तो छोटा तुकडा मुद्दाम मऊ मटेरियलचा केलेला असतो, झिजला की बदलायचा. सुटा मिळतो का? त्याने ड्रॉवर उघडून दाखवला. तिथेच घ्यायचं ठरलं. खोक्यावरचा आवाजाचा आकडा वाचायचीही गरज पडली नाही, मिक्सरपेक्षा कितीतरी कमी.

किंमत बजेटच्या थोडी वर गेली. मशीनबरोबर १० नंबरचं ब्लेड आलं, ४एफ वेगळं घेतलं. सिरॅमिक पात्याचं ब्लेडही दाखवलं त्याने. ते उशिरा तापतं हे खरं, पण हातून फरशीवर पडलं की तुकडे. आमच्या घरातल्या हातांचा अनुभव लक्षात घेऊन स्टीलच घेतलं.

२३ फेब्रुवारी

बंड्याची तालीम सुरू. कुत्रं आवाजापेक्षा थरथरीला जास्त बिचकतं असं माझं निरीक्षण. कुकरच्या शिट्टीला बंड्या ढिम्म असतो. म्हणून आधी बंद मशीन हुंगायला दिलं, पनीर दिलं. मग शेजारच्या खोलीत चालू ठेवून इथे पनीर. मग चालू मशीनची मागची बाजू, ब्लेडची नव्हे, खांद्यावर टेकवली. पहिल्यांदा उठून गेला, त्याला जाऊ दिलं. धरून ठेवायचं नाही हे घरात सगळ्यांना बजावलंय. आई म्हणते एवढं पनीर आम्हाला कधी कोणी घातलं नाही.

१६ मार्च

धुळवड झाली. बंड्याला घरात ठेवलं होतं, तरी सोसायटीच्या पोरांनी जिन्यात गाठलंच. कानांवर गुलाबी रंग. रंगपंचमी अजून व्हायचीय. रंगाचे कण आणि धूळ ब्लेडला सँडपेपरचं काम करतात, म्हणून पहिली कटिंग रंगपंचमीनंतर आणि अंघोळीनंतरच. अंघोळ बुधवारी किंवा शुक्रवारी. गुरुवारी महापालिकेने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं तर बिनपाण्याने हजामत करण्याची वेळ यायची.

२८ मार्च

अंघोळ. खरं काम वाळवण्याचं आहे. ल्हासाचे केस वरून कोरडे लागतात आणि मुळाशी ओले असतात. ओल्या केसांत ब्लेड घसरतं, काप पायऱ्यापायऱ्यांचा येतो. आमच्या ड्रायरच्या गार हवेवर, ब्रशने केस उलटे करत करत वाळवलं, तासभर सहज गेला. मग स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत, कुठेही न अडता. अडला तिथे बोटांनी सोडवून पुन्हा.

डाव्या कानामागे एक जट सुटेना. कात्रीने कापायचा मोह होतो, पण जट कातडीला घट्ट चिकटून तिला वर ओढते आणि कात्रीला कुठे केस संपतात नि कुठे कातडी सुरू होते ते कळत नाही. १० नंबर ब्लेड कातडीला सपाट टेकवून जटेच्या खालून हळू सरकवलं. जट अख्खी सुटून हातात आली, खालची कातडी गुलाबी पण शाबूत.

२९ मार्च

उद्या पाडवा, आज कटिंग. जेवणाच्या जुन्या टेबलावर योगा मॅट, म्हणजे पाय घसरत नाहीत. धाकटी तोंडापाशी पनीर घेऊन, बायको कमरेपाशी एक हात ठेवून.

ब्लेड मशीन चालू असतानाच बसवायचं, मग ते लिव्हरवर बरोबर बसतं. दातांवर, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर आणि मागे टाचेवर तेलाचा एकेक थेंब, काही सेकंद चालवून जास्तीचं पुसलं. मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, ब्लेड कातडीला समांतर. टोक खाली खुपसायचं नाही. रेटायचं तर अजिबात नाही, मशीनचं वजन पुरतं. ४एफ पाठीवरून असं गेलं की मागे दुलईचा कापूस लोळत यावा तसे केस लोळत आले, आणि मोटरचा आवाज जराही बसला नाही. याच एका गोष्टीसाठी एवढे पैसे दिले होते.

कातडीच्या घड्या हीच खरी धोक्याची जागा. मांडी आणि पोट जिथे जुळतात तिथे कातडीचा पातळ पडदा असतो. पाय किंचित मागे घेऊन, तो पडदा हाताने ताणून मगच ब्लेड फिरवलं. काखेत तसंच. कानांची कड दोन बोटांत धरून ब्लेड आतून बाहेरच्या दिशेने, कडेला आडवं कधीच नाही. मागच्या पायाच्या टाचेवरची शीर आणि पोटावरची बोंडं १० नंबरलाही हाताने झाकून ठेवली.

दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघत होतो. १० नंबर पोटाला घेतलं तेव्हा ते लवकर तापलं, मनगट मागे घ्यावं लागलं. बंद करून थंड फरशीच्या तुकड्यावर ठेवलं, तोवर ४एफने पाय केले. तापलेल्या ब्लेडने भाजलेलं लगेच दिसत नाही. कुत्रं रात्री तीच जागा चाटत बसतं तेव्हा कळतं, आणि चाटून चाटून जखम होते.

डावी बाजू पूर्ण, उजवी अर्धी झाल्यावर बंड्याने आडवं होऊन असहकार जाहीर केला. थांबलो. आईने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, "उद्या गुढीपुढे याला कोणत्या बाजूने उभा करायचा ते ठरवा." राहिलेलं सोमवारी केलं. तोंड मशीनने नाही, बोथट टोकाच्या कात्रीने, आणि डोळ्यांवरचे केस फक्त विंचरून बाजूला.

६ एप्रिल

धारेचा प्रश्न आत्ताच सोडवून ठेवतोय, कारण ब्लेड बोथट होणारच. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन चौकशी केली. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारे आहेत, पण चाकावर. क्लिपरचं ब्लेड चाकावर लावायचं नसतं. दोन्ही पाती अगदी हलकी खोलगट घासलेली असतात, म्हणजे फक्त दात आणि मागची पट्टी एकमेकांना टेकतात. ती खोली फिरत्या तबकडीवर बारीक पूड लावून घासल्यावरच, म्हणजे लॅपिंग करूनच येते. चाकावर धरलं की हा आकार जातो, आणि तापून निळा रंग आला तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणाही उतरला. मग ते ब्लेड केस कापत नाही, दुमडतं. अखेर आमच्या केशकर्तनालयवाल्यांनी लॅपिंग करणाऱ्या माणसाचा पत्ता दिला.

धार गेली असं म्हणण्याआधी ब्लेड साफ करून पाहावं. हलणारं पातं थोडं बाजूला सरकवलं की खाली केसांचा थर निघतो, जुन्या टूथब्रशने काढला की निम्म्या वेळा ब्लेड पुन्हा कापायला लागतं. तेल शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको. ते २४ अंशांखाली थिजतं, डिसेंबरच्या सकाळी पुण्यात बाटलीत पांढरं होतं तसंच ब्लेडमध्ये होईल.

२० एप्रिल

बंड्या पाहून खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांचा लॅब्रेडॉर घेऊन वर आल्या. "याचंही करून द्या ना हो, उन्हाने हैराण आहे." नाही म्हणालो. लॅब्रेडॉरला दुहेरी केस असतात, वर राठ आणि खाली मऊ. तो थर ऊन अडवतो आणि खालची हवा खेळती ठेवतो. कापला तर कुत्र्याला गारवा मिळत नाही, उलट कातडी उघडी पडते. शिवाय नंतर केस ठिकठिकाणी विरळ उगवू शकतात, पॉमेरेनियनमध्ये तर हे बरेचदा दिसतं. मशीनऐवजी खालचे सुटे केस ओढून काढणारा ब्रश दिला. गच्चीत बसून काकूंनी तासभर विंचरलं तर अख्खी पिशवी भरली. त्यांना आता तो ब्रश परत द्यायचा नाहीये.

८ जून

पावसाळ्याची कटिंग, यावेळी एका बैठकीत. गाद्यांमधले केस साडूंच्या ट्रिमरने काढले. पावसाळ्यात तिथे ओल राहते, बोटांच्या बेचक्यात लाल होतं. केस आखूड असले की गोचीडही हाताला लवकर लागतात. मान, कानांची आतली बाजू आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपायच्या असं ठरलंय. गोचिडांतून ताप येतो आणि तो कुत्र्याला आडवा करतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध वेगळं चालू आहेच.

पावसाळ्यात ब्लेडला गंज धरेल. दोन्ही ब्लेड पुसून, तेल लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या डब्यात ठेवली आहेत. मेहुण्याला पाठवायची यादी : ५एफ एक, ३० नंबर एक, आणि त्यावर चढणारे स्टीलचे कंगवे. प्लॅस्टिकचे नकोत. गणपतीच्या आधी १० नंबर धारेला द्यायचं.